बिबवेवाडीचे पाहुणे

"लोकल आधार चालत नाही सर," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली, आणि बद्रीनाथला वाटलं, कार्डाचं लॅमिनेशन कुठेतरी सुटलं असावं. त्याने कार्ड परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. लॅमिनेशन शाबूत होतं. बिबवेवाडीच्या चौकातल्या ज्या झेरॉक्सवाल्याकडून ते करून घेतलं तो तोंडाचा फटकळ असला तरी कामाला चोख होता. मुलीच्या कोटावर श्रद्धा अशी पट्टी होती. ती हसत होती. हॉटेलात काम करणाऱ्यांना हे हसू शिकवत असावेत, कारण नाही म्हणतानाही ते जसंच्या तसं राहतं. पुण्याचा पत्ता असला की रूम देता येत नाही, पॉलिसी आहे, असं तिने पुन्हा एकदा, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. तिच्या मागे झेरॉक्स मशीनच्या झाकणाखालून उजेड सरकत होता आणि झाकणाखाली दोन परदेशी पासपोर्ट होते. त्यांची काही अडचण नव्हती. बद्रीनाथने काउंटरवर तळहात टेकला. दगड गार होता, हवेला गवती चहासारखा कसलासा वास येत होता, आणि गुडघ्याला बांधलेला पट्टा घामाने खाजत होता. अशा वेळी माणसाला राग यावा, पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपण पुणेकर झालो ते नेमके चुकीच्या वेळी झालो.

हे पुणेकर होणं सुखासुखी झालं नव्हतं. यवतमाळकडून तो इथे आला तेव्हा अंगात दम होता आणि तोंडात 'का'च्या जागी 'काहून' होतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी ते पकडलं आणि मग सगळी पाळी त्याला 'काहून' अशीच हाक मारायला लागली. त्याने तो शब्द सोडला. पाठोपाठ बाकीचेही सोडले. बोलण्यात दुसऱ्यांचं कौतुक आणि स्वतःची तक्रार बेताने करायला शिकला. हडपसरला पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, मुलीला इंजिनिअर केलं, गणपतीची वर्गणी न मागता दिली, आणि तरीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल तोंड उघडलं की सेक्रेटरी श्रीधरपंत चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, इंगोले, आपण मूळचे कुठले म्हणालात? त्यात राग नसे, कुतूहलही नसे. टाकीचा विषय मात्र तिथे मिटायचा. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, बद्रीनाथ आधार केंद्रावर गेला. गावचा पत्ता काढून बिबवेवाडीचा घातला. त्यासाठी हेलपाटे घातले, बोटांचे ठसे उमटेनात म्हणून हात ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसले, आणि नवं कार्ड हातात आलं त्या दिवशी आंबा बर्फी घेऊन घरी गेला. काय झालं, द्वारकेने विचारलं. पुणेकर झालो, तो म्हणाला. बरं, ती म्हणाली, आणि बर्फी देवापुढे ठेवली. तिच्याही कार्डावरचा पत्ता बदलून टाकू असं तो तेव्हापासून तिच्या मागे लागला होता. ती बघू म्हणायची. त्या 'बघू'त काय आहे हे त्याने कधी खोदून पाहिलं नव्हतं. त्या घरात बघू म्हटलेल्या गोष्टी एकतर आपोआप होत किंवा विसरल्या जात, आणि दोन्हीत त्याचं काही अडत नसे.

हॉटेलात राहायची कल्पना तर त्याची नव्हतीच. पूर्वा, त्यांची मुलगी, बंगळुरात नोकरी करते. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला काय देऊ असं तिने आईला फोनवर विचारलं, तेव्हा द्वारका म्हणाली, एक दिवस हॉटेलात राहायचंय. पूर्वा हरखली. महाबळेश्वर, केरळ, उदयपूर, भराभर नावं घ्यायला लागली. द्वारका म्हणाली, लांब नको, लांब गेलं की सारखं काहीतरी बघावं लागतं, मला बघायचं नाही, नुसतं राहायचंय. बद्रीनाथला हसू आलं होतं. स्वतःचं घर एका बसच्या अंतरावर असताना त्याच गावात हॉटेलात झोपणं म्हणजे पैशाचा माज. आणि तसं पाहिलं तर दोघांची नावंच एवढी लांबची, एक बद्रीनाथ, एक द्वारका, की आणखी कुठे जायची गरज देवानेच ठेवली नसावी. दोघांनी मिळून पाहिलेलं जग म्हणजे शेगाव, तुळजापूर आणि कारखान्याने नेलेली गोव्याची एक सहल. बाकी सगळ्या सुट्ट्या गावी. पूर्वाने हौसेने कोरेगाव पार्ककडचं, वडाच्या झाडांमधलं हे हॉटेल काढलं. योगासनं शिकायला आलेले परदेशी लोक तिथे उतरतात, त्यामुळे चादरी स्वच्छ असतात, असा तिचा हिशेब. पैसे तिनेच भरले आणि पावती मोबाइलवर पाठवली. पावतीत नाश्ता धरलेला आहे असं लिहिलं होतं, पत्त्याबद्दल चकार शब्द नव्हता. निघायच्या दिवशी द्वारकेने जांभळी पैठणी नेसली आणि नथ घातली. झोपायला जाताना नथ कशाला, असं तो म्हणालाही. ती म्हणाली, पाहुणे म्हणून जातोय ना आपण?

त्या नथीनेच पहिला घोटाळा केला. रिक्षातून उतरून दोघं दारात पोचतात तोच मागे एक मोठी गाडी येऊन थांबली आणि आतून परदेशी जोडपं उतरायला लागलं. परदेशी पाहुण्यांना दारात ओवाळायची इथली पद्धत. त्यासाठी विश्रांतवाडीहून मैनाबाई नावाच्या एक बाई नऊवारी नेसून येत असत, आणि त्या दिवशी त्यांनी मला जमत नाही, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते, असा निरोप धाडला होता. दुसरी कुणीतरी आलीच नव्हती. रविराज नावाचा कोटवाला तरुण मॅनेजर पेटलेल्या निरांजनाचं तबक हातात धरून दारात सैरभैर उभा होता. त्याने द्वारकेची पैठणी पाहिली, नथ पाहिली, सुटलो एकदाचा असा चेहरा केला, आणि, मावशी धरा पटकन, आलेच ते, असं म्हणत तबक तिच्या हातात देऊन टाकलं. बद्रीनाथच्या घशाशी वाक्य आलं होतं, की अहो, आम्ही पाहुणे आहोत. आलं आणि तिथेच बसलं. द्वारका तरी नाही का म्हणाली नाही, यावर त्याने पुढे पुष्कळ विचार केला. पण सवाष्णीच्या हातात पेटतं निरांजन दिलं की तिने करायचं काय? खाली ठेवायला पाट नाही, ज्योतीवर फुंकर मारायची नाही, आणि समोर माणूस येऊन उभा राहिला की हात आपले आपण उचलले जातात. उंच, पांढऱ्या दाढीचा तो परदेशी म्हातारा तिच्यापुढे कमरेत वाकला. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग त्याच्या बायकोला. ती बाई उन्हाने लाल झालेली, केस आखूड कापलेले. तिचे डोळेच भरून आले. तिने द्वारकेला मिठी मारली आणि नथीकडे बोट दाखवून, दुखत नाही ना, असं खुणेने विचारलं. द्वारका हसली. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत बद्रीनाथ नसणार, तो बॅग घेऊन कुंडीमागे सरकला होता. छान झालं मावशी, रविराज म्हणाला, आता मागे पॅन्ट्रीत चहा घ्या आणि जा. तेव्हा कुठे द्वारकेने तबक त्याच्या हातात परत दिलं आणि आमचं बुकिंग आहे असं सांगितलं. बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने हात जोडले, माफी मागितली, कोकम सरबताचे ग्लास मागवले. ते सरबत पीत असतानाच श्रद्धाने ओळखपत्र मागितलं होतं.

कायदा आहे का असा, बद्रीनाथने विचारलं. कायदा नाही, नियम आहे, श्रद्धा म्हणाली, आणि इतकी वर्षं या शहरात काढलेल्या माणसाला यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. रविराज मदतीला आला. आवाज खाली आणून म्हणाला, काका, गावातलीच माणसं गावातल्याच हॉटेलात कशाला येतात ते तुम्हाला काय सांगायचं. दारू होते, आरडाओरडा होतो, कुणाची तरी बायको कुणाबरोबर तरी असते, मग पोलिस येतात आणि आमचे परदेशी पाहुणे घाबरतात. बद्रीनाथने मनातल्या मनात स्वतःला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्याला पट्टा, बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या, हॉटेलचं जेवण पचलं नाही तर असावीत म्हणून डब्यात थालीपिठं, आणि शेजारी स्वतःची लग्नाची बायको. यांच्यापासून त्या उंच माणसाला वाचवायचं होतं. यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट आपण खरंच काहीतरी करायला इथे आलो होतो आणि वेळेवर पकडले गेलो, असं वाटून त्याचे कान तापले. पूर्वाला फोन केला असता तर तिने तिथे बसल्याबसल्या हॉटेलचे वाभाडे काढले असते. त्याने केला नाही. पैसे परत मिळतील असं श्रद्धा म्हणत होती. चल, तो द्वारकेला म्हणाला, जाऊ घरी. आणि खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं झालं.

गोव्यालाही असंच झालं होतं. पूर्वा तेव्हा शाळेत जायची. किनाऱ्यावर छत्र्यांखाली लांबलचक लाकडी खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. द्वारका एकीवर बसली, चपला काढल्या, साडी घोट्यांशी आवळून पाय लांब केले आणि समुद्राकडे बघायला लागली. बद्रीनाथ शेजारच्या खुर्चीवर टेकला. तेवढ्यात एक वेटर आला आणि म्हणाला, ये फॉरेनर लोगों के लिए है. फॉरेनर कुणी नव्हतं. येणार होते. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत दोघंही उभी राहिली होती, आधी कोण उठलं ते आता सांगता यायचं नाही. मग वाळूत बसून बरोबरच्या दशम्या खाल्ल्या आणि पुण्याला परत आल्यावर मजा आली असं सगळ्यांना सांगितलं. या प्रसंगाचं बद्रीनाथला कधी वाईट वाटलं नव्हतं. आपल्याला कुठून उठवणार आहेत हे आधी ओळखावं आणि उठवायच्या आधी उठावं, याला तो शहाणपण समजत आला होता. कारखान्यात साहेबांच्या टेबलापाशी, लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत, श्रीधरपंतांच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे हे शहाणपण त्याच्या उपयोगी पडलं होतं. आताही त्याने बॅग उचललेलीच होती. दाराकडे दोन पावलं टाकून त्याने मागे पाहिलं तर द्वारका सोफ्यावर बसलेली. पाठ टेकून, नीट, दोन्ही हात मांडीवर ठेवून. उठायचं काही चिन्ह दिसेना.

माझं बघा बरं, ती श्रद्धाला म्हणाली आणि पर्समधून स्वतःचं कार्ड काढून दिलं. त्याला लॅमिनेशन नव्हतं, कडा मऊ पडल्या होत्या. द्वारका बद्रीनाथ इंगोले, मार्फत दशरथ, मुक्काम चिंचखेड, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. आधार कार्डं निघायला लागली त्या दिवसांत ती आईच्या आजारपणासाठी माहेरी होती. गावच्या शाळेत शिबिर लागलं, तेव्हा दशरथने, तिच्या भावाने, घरच्या सगळ्यांबरोबर बहिणीलाही रांगेत उभं केलं. आई गेली. पत्ता राहिला. श्रद्धाने कार्ड वाचलं, रविराजने तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि दोघांचे चेहरे उजळले. मॅडमना देता येईल, मॅडम बाहेरगावच्या आहेत. सरांना मात्र वर जाता येणार नाही, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. पाहिजे तर लॉबीत बसू शकतात. काय हा वेडेपणा, अशा अर्थाने बद्रीनाथ हसला आणि बायकोला चल म्हणून हात केला.

"मी राहते," द्वारका म्हणाली.

"एकटी?"

"तुम्ही जा घरी. भाजी फ्रिजमध्ये आहे. सकाळी या मला न्यायला."

"अगं, असं कसं? लोक काय म्हणतील?"

"इथं मले कोण ओळखते?"

तिच्या तोंडून मले निघालेलं त्याने किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ती ते विसरली असेल अशीच त्याची समजूत होती. ती रागावलेली दिसत नव्हती. हट्टाला पेटली आहे असंही वाटत नव्हतं. बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन ही द्या म्हणावं तसं तिने सांगितलं होतं. यानंतरची अडचण अशी निघाली की बॅग एकच होती. ती लॉबीतल्या काचेच्या टेबलावर उघडावी लागली. द्वारकेने त्याचा पायजमा, त्याचा टॉवेल, त्याच्या गोळ्या आणि थालीपिठांचा डबा बाजूला काढला, श्रद्धाने धुण्याचे कपडे टाकायची हॉटेलची कापडी पिशवी आणून दिली, आणि त्या पिशवीत बद्रीनाथचा संसार भरला गेला. तेवढ्यात ते परदेशी जोडपं जिन्यावरून खाली आलं. द्वारकेला पाहून दोघांनी हात जोडले. तिनेही जोडले. मग हॉटेलच्या एका माणसाने बॅग उचलली, लिफ्टचं दार उघडून धरलं, आणि द्वारका आत जाऊन उभी राहिली. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती नवऱ्याकडे बघत होती.

स्वारगेटला रिक्षातून उतरून त्याने बिबवेवाडीवरून जाणारी अप्परची बस धरली. पिशवी मांडीवर होती, तिच्यावर हॉटेलचं नाव इंग्रजीत छापलेलं, शेजारचा माणूस ते वाचत होता. बद्रीनाथला राग आला होता. हॉटेलवर यायला हवा होता, पण हॉटेलचं त्याला आतून पटलं होतं, हीच पंचाईत. बाहेरच्यांसाठी जागा राखून ठेवायची असते आणि घरच्यांनी समजून घ्यायचं असतं, यात नवीन काय? राग होता तो ती उठली नाही याचा. दोघांनी मिळून उठायचं हे इतकी वर्षं न बोलता ठरलेलं होतं, आणि आज ती बसून राहिली आणि तो एकटाच उभा दिसला. कंडक्टर जरा पुढे सरका म्हणाला तेव्हा बद्रीनाथ एकदम उठूनच उभा राहिला, आणि कंडक्टर म्हणाला, अहो, बसा, उभ्यांना सांगतोय. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन संतोषने काकू कुठे म्हणून विचारलं. माहेरी गेल्या, बद्रीनाथ म्हणाला. जिना चढताना लक्षात आलं की कार्डाच्या हिशेबाने हे धादांत खोटंही नव्हतं.

दुपार कलली होती. घरात गेल्यावर त्याने पंखा लावला आणि हॉलमधल्या हातांच्या खुर्चीत बसला. ही खुर्ची आल्यागेल्याची. चिंचखेडला त्याच्यासाठी पलंग असायचा. जावई म्हणून तो पहिल्यांदा गेला, आणि नंतरही दरवेळी, दशरथची बायको हेमा दारात भाकरतुकडा घेऊन उभी असायची. तो ओवाळून टाकला जाई, पायांवर पाणी ओतलं जाई, पलंगावर घडी मोडलेली नवी चादर, पितळेच्या तांब्यात पाणी, वर गुळाचा खडा. गोळाभात त्याच्यासाठी, दह्यावरची साय त्याच्यासाठी. तो अवघडून नको नको म्हणायचा आणि सगळं घ्यायचा. त्याच गाडीतून त्याच्याबरोबर उतरलेली द्वारका तोवर पदर खोचून चुलीपाशी गेलेली असे. तिला कोण ओवाळणार? ती घरचीच. त्याच्या गावी गेलं तर ती सून, तिथेही घरचीच, उतरल्या उतरल्या हातात झाडू. आणि बिबवेवाडीत तर घर तिचंच म्हणायचं. गावाकडून कुणी परीक्षेला यायचं, कुणी दवाखान्यात दाखवायला, गादी पाहुण्यांना आणि ती ओट्याखाली सतरंजी टाकून. तिच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय या घरातून माणूस गेला नव्हता. बाहेरून दमून आल्यावर तिला पाणी कोण देत होतं? बद्रीनाथने आठवून पाहिलं. दिलं असेल कधीतरी, आजारी असताना, असं म्हणत तो मागे मागे गेला, पूर्वाच्या जन्मापर्यंत गेला, पण उंबऱ्यातून आत आलेली द्वारका आणि आपल्या हातात तिच्यासाठी भरलेला पेला, असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे उभं राहीना. त्याला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं, त्याला दुसरं नाव नाही. मग, ती आता काय करत असेल, असा विचार आला. पाय लांब करून बसली असेल का? खिडकीतून वडाच्या पारंब्या दिसत असतील का? तिने फोन केला नाही. त्यानेही केला नाही, कारण तिथल्या खोलीत फोन वाजला की ती उचलायला उठेल. भाजी त्याने फ्रिजमधून काढली आणि तशीच गार खाल्ली, थालीपिठाबरोबर.

सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून न्यायला गेला. दारात आज मैनाबाई आल्या होत्या, नऊवारी, खोपा, हातात तबक. कुठलासा गट विमानतळावरून यायचा होता. त्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं आणि त्याच्या पलीकडे रस्त्याकडे पाहायला लागल्या. तो लॉबीतल्या सोफ्यावर बसला, त्याच जागी. द्वारका नाश्ता करून आली. केस धुतलेले, अंगावर साधी सुती साडी, नथ काढून ठेवलेली. चेहरा झोप झालेल्या माणसाचा असतो तसा किंचित सुजलेला. परदेशी बाईने लांबून हात हलवला. झाली झोप, बद्रीनाथने विचारलं. झाली, ती म्हणाली. बॅग त्याने घेतली. रिक्षा बंडगार्डन रस्त्याला लागली. मग गादी कशी होती, गरम पाणी होतं का, असं तो एकेक विचारत गेला आणि ती हो, होतं, असं म्हणत गेली. त्याला वाटलं, विषय संपला. तिच्या मनात भलतंच चाललं होतं.

"सकाळी दार वाजलं," ती म्हणाली. "मी आतून विचारलं कोण, तर बाहेरून म्हणे, मॅडम, आत येऊ का? मी म्हणाले, नको. तर गेला."

"कोण?"

"झाडायला आला होता कुणीतरी. नको म्हणाले तर गेला हो तो."

एवढंच सांगून ती बाहेर बघायला लागली. स्वारगेटच्या पुलाखाली गर्दी होती, सिग्नलला एक बाई सोनचाफा विकत होती, रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत होता, आणि द्वारका हे सगळं पहिल्यांदाच या गावात आलेल्या माणसासारखी, सावकाश, बघत होती. आपण तिला कधी आत येऊ का असं विचारलं नाही, हे बद्रीनाथच्या ध्यानात आलं. विचारायला तिचं वेगळं दारच नव्हतं.

घर आलं. त्याने कुलूप काढलं आणि सवयीने आधी आत गेला. द्वारका मागून आली, चपला काढल्या, पदर खोचायला हात कमरेपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. मग ती स्वयंपाकघराकडे न जाता हॉलमध्ये वळली आणि हातांच्या खुर्चीवर बसली. पाठ टेकून, नीट, दोन्ही हात मांडीवर. टीव्ही लावला नाही की पंखा लावा म्हणाली नाही. बद्रीनाथ बॅग घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली, पंखा लावला, आत जाऊन माठातून पेला भरला. पेला भरल्यावर त्याला गुळाची आठवण झाली. उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. त्याने मांडणीवरचा एक डबा उघडला, त्यात तुरीची डाळ. दुसऱ्यात रवा. तिसऱ्याचं झाकण घट्ट होतं, ते निघताना मोठा आवाज झाला आणि आत पोहे होते. स्वतःच्या घरात गूळ कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं. एरवी दुसऱ्याच झाकणाला ती हॉलमधून ओरडली असती, डावीकडच्या स्टीलच्या डब्यात बघा, किंवा सरका बाजूला म्हणत स्वतःच उठून आली असती. तो थांबला, तिचा आवाज येईल म्हणून. हॉलमध्ये पंखा फिरत होता. खुर्ची वाजली नाही.

"अहो," मग ती म्हणाली, बसल्या जागेवरूनच. "माझ्या आधारवरचा पत्ता राहू द्या तसाच. बदलायचा नाही मला."

बद्रीनाथ बरं म्हणाला आणि त्याने पुढचा डबा उघडला.